एक टायर फाटला तर चार का बदलायचे? 'एक जुना ड्रायव्हर' यांना उत्तर

ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन चारही चाकांना ओढ देतं अशा गाडीचे टायर बदलण्याबद्दल मी जे लिहिलं, ते 'एक जुना ड्रायव्हर' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांना अजिबात पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "डेन्व्हरला राहतो, सुबारू आउटबॅक चालवतो. खड्ड्यात आपटून एका टायरची साइडवॉल फाटली. बाकीच्या तिघांत ६/३२ इंच नक्षी (खाचांची खोली) शिल्लक आहे. दुकानदार म्हणतो चारही बदला, आणि तुम्ही त्याचीच री ओढता. पुण्यात वडिलांनी आधी ॲम्बॅसिडर, मग मारुती ८०० दोन-दोन टायर बदलत चालवली, काही बिघडलं नाही. आणि चारही चाकं ओढत असताना ते डोंगराच्या चिन्हाचे महागडे टायर कशाला? माझ्या टायरवर एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलंय, तेवढं पुरे. तुमचा लेख म्हणजे टायरवाल्यांची जाहिरात."

टायरवाल्यांनी मला अजून चहासुद्धा पाजलेला नाही, तेव्हा जाहिरातीचा मुद्दा सोडून देतो. बाकीचं मात्र नीट बोलण्यासारखं आहे.

वडिलांच्या गाड्यांपासून सुरुवात करू. ॲम्बॅसिडरची मागची चाकं ओढायची, मारुती ८०० ची पुढची. दोन्ही गाड्यांत उरलेली दोन चाकं गाडीबरोबर नुसती फिरत असतात, इंजिनाशी त्यांचा संबंध नसतो. त्यामुळे एक जोडी नवी, एक जुनी असली तरी यंत्राला त्याचं सुखदुःख नाही. (नवी जोडी मागे टाकायची, एवढं पथ्य तिथेही आहे. पावसात मागचे गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगले की गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं पुढच्या घसरगुंडीपेक्षा कितीतरी अवघड.) तुमच्या आउटबॅकमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एका बहुपाती क्लचमधून (एकमेकांवर दाबून ओढ पुढे देणाऱ्या पात्यांच्या जोडणीतून) एकमेकांना बांधलेले आहेत. तो क्लच वळणावर थोडा घसरू देतो, कारण वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. वळण संपलं की त्याला विश्रांती मिळते, असं गृहीत धरूनच तो बनवलेला असतो.

आता हिशेब करू. आउटबॅकच्या बऱ्याच मॉडेलांवर २२५/६०आर१८ या मापाचा टायर येतो. त्याचा घेर साधारण २२८५ मिलिमीटर, म्हणजे मैलाला सुमारे ७०० फेऱ्या. नव्या ऑल-सीझन टायरची नक्षी १०/३२ इंच धरली आणि तुमची ६/३२, तर त्रिज्येत ३.२ मिलिमीटरचा आणि घेरात जवळजवळ २० मिलिमीटरचा फरक पडतो. सुबारूचं म्हणणं आहे की घेरातला फरक पाव इंचापेक्षा, म्हणजे ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. तुम्ही त्याच्या तिप्पट पुढे गेलात. जुना टायर नव्यापेक्षा मैलाला सुमारे ६ फेऱ्या जास्त मारणार, आणि त्याही सरळ रस्त्यावर, न थांबता.

यातली गंमत पाहा. एकच टायर नवा टाकला, तर त्या एक्सलवरचा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी जोडणी) दोन चाकांची सरासरी काढतो, त्यामुळे मधल्या क्लचच्या वाट्याला मैलाला ३ फेऱ्यांचाच फरक येतो. दोन नवे टायर एकाच एक्सलवर टाकले की सगळ्या ६ फेऱ्या क्लचच्या माथी. म्हणजे मारुतीच्या हिशेबाने 'निदान जोडी तरी बदलू' असं म्हणून आपण जो मधला मार्ग काढतो, तो क्लचसाठी एका टायरपेक्षाही वाईट. डेन्व्हरहून डोंगरातल्या व्हेल या स्कीइंगच्या गावी जाईपर्यंत साधारण १०० मैल होतात, तेवढ्यात ६०० फेऱ्यांचं घर्षण, आणि त्याची सगळी उष्णता क्लचच्या पात्यांत. गाडी त्या दिवशी बंद पडणार नाही. दोन-तीन वर्षांनी पार्किंगमध्ये वळताना ती आखडून झटके देऊ लागली, की तेव्हा कुणाला टायर आठवतो?

हे दुकानदाराने विक्रीसाठी रचलेलं नाही, याचा पुरावा जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंच्या बॉनेटखालीच सापडतो. तिथे एफडब्ल्यूडी (म्हणजे फक्त पुढच्या चाकांची ओढ) असं लिहिलेली फ्यूजची एक रिकामी जागा असते. छोटी स्टेपनी लावून गाडी चालवायची असेल तर तिथे फ्यूज बसवा आणि मागच्या चाकांची ओढ बंद करा, असं कंपनीच सांगायची. वेगळ्या घेराचं एक चाक काही मैलांपुरतंही नको, म्हणून केलेली ही सोय.

आता तुमच्या बाजूनेही बोलतो, कारण 'चारच बदला' हे सरसकट खरं नाही. टोयोटाच्या रॅव्ह-४ हायब्रिडमध्ये मागच्या चाकांना स्वतंत्र विजेची मोटर असते, पुढून मागे जाणारा दांडाच नसतो, त्यामुळे क्लच जळण्याची ही भीती तिथे नाही. तुमचे उरलेले तीन टायर ९/३२ वर असते, तर मीच म्हटलं असतं की त्याच मॉडेलचा एक आणा आणि खुशाल लावा. मधल्या अवस्थेत, म्हणजे ७ किंवा ८ वर, नवा टायर तासून घेण्याचा पर्याय असतो. इंडियानातली टायर रॅक ही विक्रेती कंपनी नवा टायर यंत्रावर घासून बाकीच्यांइतका करून देते. पैसे देऊन नवा टायर झिजवून घ्यायचा ही कल्पना आपल्या मराठी मनाला झेपत नाही, पण तीन चांगले टायर टाकून देण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

पण तुमचं गाडं ६/३२ वर अडलेलं आहे, आणि तुमच्या कोलोरॅडो राज्यात या आकड्याला स्वतंत्र महत्त्व आहे. २०१९ पासूनच्या कायद्यानुसार १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात, रस्ता बर्फाळ असेल तर, नक्षी किमान ३/१६ इंच लागते. ३/१६ म्हणजेच ६/३२. ऑल-व्हील ड्राइव्ह असली तरी यातून सुटका नाही. दंड १३० डॉलरच्या वर, आणि गाडी आडवी होऊन रस्ता अडला तर ६५० च्या वर. म्हणजे त्या तीन टायरांना वाचवून तुम्ही वाचवणार काय? येत्या हिवाळ्यात व्हेल पासवर ते तसेही नापास होणार आहेत. नक्षी मोजायला पट्टी नसेल तर १९५९ ते २००८ मधलं एक सेंटचं नाणं घ्या आणि मागची लिंकन मेमोरियलची बाजू उलटी करून खाचेत घाला. इमारतीचं छत दिसलं की ६/३२ च्या खाली आलात.

एम+एसबद्दल. ही अक्षरं टायरच्या खाचा कशा आहेत, त्यांत मोकळी जागा किती आहे, यावर छापली जातात. त्यासाठी बर्फावर कसलीही चाचणी द्यावी लागत नाही. म्हणूनच जर्मनीने ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून नुसतं एम+एस धरणं बंद केलं. तीन शिखरं आणि मधे हिमकण हे चिन्ह १९९९ मध्ये आलं, आणि ते मिळवायला दाबलेल्या बर्फावर ठरावीक संदर्भ टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. पण अमेरिकेतली ही चाचणी गाडी वेग घेतानाची पकड मोजते. ब्रेक मारल्यावर काय होतं आणि काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर काय होतं, हे त्यात नाही. तेव्हा चिन्ह दिसलं म्हणून डोळे मिटून घेऊ नका, त्या टायरच्या बर्फावरच्या ब्रेकिंगच्या चाचण्या वेगळ्या शोधा.

आणि 'चारही चाकं ओढतात' हा तुमचा भरवसा इथेच कमी पडतो. चौकात सिग्नल सुटल्यावर आउटबॅक सगळ्यांच्या पुढे जाते, हे मान्य. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात, साध्या कोरोलालासुद्धा. ताशी ४० मैल वेग घ्या. दाबलेल्या बर्फावर घर्षणांक ०.२ असेल तर थांबायला सुमारे ८१ मीटर लागतात, ०.३ असेल तर ५४. मधले २७ मीटर पूर्णपणे रबराच्या हाती. थांबण्याच्या त्या सूत्रात किती चाकं ओढतात याला जागाच नाही. उलट सहज वेग घेणारी गाडी रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळूच देत नाही, आणि ते कळतं पहिल्या उतारावर.

मग घ्यायचं काय? डेन्व्हरचा बर्फ दोन दिवसांत उन्हाने वितळतो आणि जूनमध्ये पारा ३५ अंशांवर जातो, त्यामुळे वर्षभर हिवाळी टायर ठेवणं म्हणजे ते उन्हाळ्यात झिजवून टाकणं. दर शनिवारी स्कीइंगला जात असाल तर हिवाळी टायरांचा दुसरा संच रिमसकट घ्या. महिन्यातून एकदा डोंगरात जाणाऱ्याला शिखराचं चिन्ह असलेले ऑल-वेदर टायर, मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २ किंवा नोकियनचा रेमेडी डब्ल्यूआरजी५ या जातीचे. मायलेज थोडं कमी होईल. आणि जो बर्फ पडला की घरूनच काम करतो, त्याला साधे चांगले ऑल-सीझन पुरतात, त्याने उगीच जास्त पैसे घालू नयेत. ट्रेडवेअरच्या, म्हणजे टायर किती टिकेल ते सांगणाऱ्या आकड्यावर मात्र भाळू नका. तो कंपनी स्वतःच ठरवते, आणि त्यामागची चाचणी टेक्सासच्या कोरड्या रस्त्यांवरची असते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा खाली घेऊ नका, आणि साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे (टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष) बसवण्याआधी वाचा.

तुमच्या तीन टायरांची नक्षी आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत वेगवेगळी मोजून कळवा. ६/३२ हा आकडा कुठल्या खाचेतला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आतली कड जास्त झिजली असेल तर नवे टायर बसवण्याआधी अलाइनमेंट करून घ्यावी लागेल, नाहीतर नवा संचही त्याच वाटेने जाईल.