जड पाणी 'फक्त वजनाने जड' नसतं

जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा त्याचा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणू) असलेलं पाणी. त्याबद्दल एक दावा सारखा केला जातो: "जड पाणी फक्त वजनाने जड. समस्थानिकांचं रसायन सारखंच असतं. पीएच मीटर बुडवून बघा, सातच दाखवतो. फार तर सगळ्या अभिक्रिया सहा-सात पट मंदावतात."

समस्थानिकांचं रसायन सारखं, हे क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ बद्दल बऱ्यापैकी खपून जातं. हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम आला की वस्तुमान थेट दुप्पट होतं. ऑक्सिजन-ड्युटेरियम बंधाची शून्यबिंदू ऊर्जा (बंधात कायम उरणारी किमान कंपन-ऊर्जा) कमी असते, म्हणून तो तोडायला जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे जड पाण्याचं आयनीभवनही कमी: २५ अंश सेल्सिअसला त्याचा आयनिक गुणाकार (पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांच्या संहतींचा गुणाकार) साध्या पाण्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढा भरतो. उदासीन बिंदू (ना आम्ल, ना अल्क) ७ वर नाही, ७.४७ च्या आसपास येतो.

मग मीटर सात का दाखवतो? खरी गंमत इथे आहे. साध्या पाण्यातल्या बफरवर (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणावर) कॅलिब्रेट केलेला मीटरचा काचेचा इलेक्ट्रोड जड पाण्यात सुमारे ०.४ ने कमी वाचतो. ग्लासो आणि लाँग या संशोधकांनी १९६० मध्ये हे दाखवलं, आणि तेव्हापासून वाचनात ०.४ मिळवून 'पीडी' (जड पाण्यातला पीएच) काढायची रीत आहे. उदासीन बिंदू ०.४७ ने वर सरकलेला, मीटर ०.४ ने खाली वाचणारा. दोन्ही एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. ॲसिटिक आम्लाचंही तसंच. त्याचा पीकेए (आम्लाच्या ताकदीचं माप; जितका जास्त तितकं आम्ल दुबळं) ४.७६ वरून ५.३ च्या घरात जातो, म्हणजे ते तिपटीहून जास्त दुबळं होतं. पण दुरुस्ती न केलेल्या वाचनात हा फरक जेमतेम ०.१ उरतो. "काहीच बदललं नाही" हा निष्कर्ष येतो तो इथूनच. शंका असेल तर ०.०१ मोलर डीसीएल घ्या, म्हणजे ड्युटेरियमवालं हायड्रोक्लोरिक आम्ल. मीटर २ ऐवजी १.६ च्या आसपास दाखवेल. तीव्र आम्ल पूर्ण विघटित होतं, त्यामुळे तिथे मीटरची चूक झाकायला काही नसतं.

राहिला वेग. ग्लुकोजचं म्युटारोटेशन (त्याच्या दोन वलयी रूपांचं एकमेकांत बदलणं) जड पाण्यात खरंच मंदावतं, पण सातपट नाही, चारपटीच्याही आतच. उलट आम्लाने होणारं उसाच्या साखरेचं विघटन जड पाण्यात साधारण दुप्पट वेगाने होतं. कारण तिथे प्रोटॉन साखरेला आधीच झटपट जोडला जातो, आणि जड पाण्यातला डी३ओ+ आयन (एच३ओ+ चं ड्युटेरियमवालं रूप) ड्युटेरॉन, म्हणजे ड्युटेरियमचं केंद्रक, सोडून द्यायला एच३ओ+ पेक्षा जास्त तयार असतो. प्रोटॉन नेमका कुठल्या पायरीवर हलतो, हे शोधायला रसायनशास्त्रज्ञ वेगातला हाच फरक वापरतात.