सहावं अक्षर

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून बायकोसाठी छोटासा फ्लेक्स करायला काल सांगलीच्या विश्रामबागेत गेलो आणि डोकं फिरवून घेऊन आलो. ओळ होती, ‘आलो दारी धरुन हृदयी मोगऱ्याचा सुवास’. मंदाक्रांता! मेघदूताचं वृत्त, १७ अक्षरं, चारवर थांबायचं, मग पुढच्या सहावर, मग उरलेल्या सातवर. आठ दिवस बोटं मोजत होतो राव. कॉम्प्युटरवरच्या पोरानं क्षणात ‘धरुन’चं ‘धरून’ केलं. म्हणलं अरे तिथं ऱ्हस्वच पाहिजे, तर म्हणतो, “सर, शुद्धलेखनाचे वेगळे पैसे घेत नाही आपण.” आणि ह्याच्याच डोक्यामागं ‘हार्दीक शुभेच्छा’ लटकतंय, ते चालतं!

बाकड्यावर एक काका बसलेले, नातवाच्या बारशाचा फ्लेक्स न्यायला. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर जन्म काढलेले तोलाईदार. “काय अडलंय ओ?” झालं, मला कोण विचारतंय का ह्याचीच वाट. म्हणलं, मेघदूताची पहिलीच ओळ घ्या, ‘कश्चित्कान्ता’ चार गुरू, म्हणजे जड, ‘विरहगुरु’ पाच लघु, हलके, पळत जायचं, आणि ‘णा’वर टेकायचं. माझं ‘धरुन हृद’ तसंच, पाच हलके. काकांनी ओळ तळहातावर तोलल्यागत केली.

“म्हंजे पाच पोती हलकी पायजेत, आन ह्यानं दुसरंच जड केलं. काटा मारला की रं पोरा!”

डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. २५ वर्षांत घरात कुणाला एवढं कळलं नाही.

“पर जोड कुठाय? यमक?”

“काका, कालिदास अख्ख्या मेघदूतात यमक जुळवत बसला नाही.”

“म्हणून तर ढगासंगं निरोप धाडायची पाळी आली. बायको हुती का जवळ?”

आता मेघदूतातल्या यक्षाला वर्षाचा शाप होता, बायको अलकानगरीत, हा रामगिरीवर, त्यात यमकाचा काय संबंध? पण ऐकतंय कोण. काकांनी पोराला थेट सांगायला सुरुवात केली, “लिही, आलो दारी घेऊन मोगऱ्याचा गजरा, वहिनी तुमच्यावर...” म्हणलं ओ, माझी बायको आहे ती! “बरं, राणी कर. राणी तुझ्यावर खिळल्यात आमच्या नजरा.” मागं लायनीत चारजण, सगळ्यांनी वा वा केलं, आणि मी, ज्यानं आठ दिवस बोटं मोजली, गप चारशे रुपये दिले.

बायकोला आवडला. माहेरच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, ह्यांनी पहिल्यांदाच कळेल असं काहीतरी लिहिलं.

तेही सोडा. घरी येऊन नीट बघितलं तर त्या कार्ट्यानं ‘घेऊन’चं ‘घेउन’ छापलंय.