तीस हजार लिटरचा गंज

विदर्भात पाणी तापवायला कोणी पैसे खर्च करतो असं मे महिन्यात सांगितलं, तर सांगणाऱ्यालाच ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस पाजतील. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण त्याच नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात तो ३.५ वर उतरला. या दोन टोकांच्या मधोमध, वरूड तालुक्यातल्या आमच्या वावरात, माझ्या पोरानं स्विमिंग टँक बांधला. संत्र्याला त्या साली भाव बरा मिळाला होता. पैसा आला की तो पाण्यात घालायचा, हा आमचा जुना शिरस्ता. एरवी तो बोअरमध्ये जातो.

उन्हाळ्यात टाकं बरं वाटलं. मग डिसेंबर आला आणि पुण्याहून पोराचा फोन आला: नाताळाच्या सुट्टीत व्याही-विहीणबाई येणार, त्यांचे नातू-नाती येणार, सगळे रोज पोहतात, पाणी २८ अंश पाहिजे. मी थर्मामीटर बुडवून पाहिला. १९.

“साधं गणित आहे बाबा,” पोरगा म्हणाला. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी. टाकं सहा मीटर लांब, चार रुंद, सव्वा खोल, म्हणजे ३०,००० लिटर. एक अंश चढवायला ३५ युनिटं. नऊ अंशांना तीनशे पंधराच्या जवळपास. घरच्यांनी बादलीतला रॉड सुचवला. दोन किलोवॅटच्या रॉडनं एक अंश चढायला साडेसतरा तास, आणि थंड वाऱ्याच्या एका रात्रीत उघडं टाकं दीड-दोन अंश सहज उतरतं. म्हणजे रॉड रात्रंदिवस लावून ठेवला तरी जिथल्या तिथे.

गावात बातमी फिरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकाजींनी मोठ्या मनानं आपल्या घरचा सोलर हीटर देऊ केला. दोनशे लिटर, साठ अंशांचं पाणी, एकदम कडक. सगळं टाक्यात ओतलं तर पाणी पाव अंश चढतं. दुसऱ्यानं गॅस म्हटलं. हिशेबानं दोनाहून जास्त सिलिंडर लागत होते. बायको काही बोलली नाही, फक्त सिलिंडरच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली. तिसरा मला म्हणाला, “काकाजी, खाली पऱ्हाट्या पेटवा अन् व्याह्याले वरून सोडा. हुरड्यासंगं तेही शेकून निघतीन.”

मी एकच गोष्ट सांगत होतो: झाकण घाला. चुल्हांगणावर पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवला की आई आधी वर झाकण ठेवायची. टाक्यातली निम्म्याहून जास्त उष्णता वाफेवाटे जाते. एक लिटर पाणी उडून जाताना ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. आमच्या टाक्यातलं पाणी नुसतं अर्धा सेंटीमीटर उडालं तरी उरलेलं दोन अंशांनी गार. आणि आमच्याकडची हिवाळ्यातली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, तिथं पाण्याची काय कथा. पोरगा म्हणाला, “बाबा, आधी हीट सोर्स ठरवू.” इंजिनिअरला झाकण सांगणं म्हणजे डॉक्टरला ओवा सांगणं.

हीट सोर्स ठरला: सोलर. काळ्या रबरी चटया छपरावर, तोंड दक्षिणेला, टाक्याच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यापासून बरोबरीइतक्या. त्यातून पाणी फिरवायचं, बस. कोटेशन आलं, ते वाचून पोरगाही मवाळ झाला. आमचा सालदार म्हणाला, “कायले इतका पैसा? ड्रिपच्या नळ्या काया हायेत, तपतेत बी चांगल्या.” खरंच आहे. त्यानं गोठ्याच्या टिनावर नळीची बंडलं मस्त गोल गोल अंथरली. मोटर सुरू केली आणि टिनावर तडतड सुरू झाली. नळ्या इनलाइन होत्या, दर दीड-दोन फुटांवर ड्रिपर. कोमट पाणी पन्हाळीवरून खाली, आणि खाली आमची म्हैस, डोळे मिटून. तिला हलवायला दोन माणसं लागली.

मग साध्या नळ्या आणल्या. दुपारी नळ्यांतलं पाणी खरंच तापायचं. पण शेतातली लाईन, म्हणजे वीज, त्या आठवड्यात रात्रीची होती. दिवसा सूर्य हजर, लाईन गायब. रात्री बाराच्या सुमारास लाईन आली की ऑटो स्टार्टर इमानदारीनं मोटर सुरू करायचा, आणि टाक्यातलं पाणी उघड्या आभाळाखालच्या काळ्या नळ्यांतून पहाटेपर्यंत फिरायचं. काळी नळी दिवसा जेवढ्या हौसेनं ऊन घेते, तेवढ्याच हौसेनं रात्री उष्णता आभाळाला देते. सकाळी पाणी १७. सकाळच्या उन्हात नळ्या जरा कोमट झाल्या की वानेरं त्यांच्यावर ओळीनं बसायची, पोटाखाली शेपट्या घेऊन. त्यांच्या बुडांना जेवढी ऊब मिळाली तेवढी व्याह्यांना मिळणार नव्हती.

नागपूरजवळ एका सोयऱ्याकडे हीट पंप आहे, तो पाहून आलो. हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. एक युनिट खातो, चार-पाच युनिटांची उष्णता देतो. अक्कलवान यंत्र. पण पुढून गार वारा फेकतं. त्यांच्या गड्यानं मला हळूच विचारलं, “मालकानं हिवायात कूलर काऊन लावला बाप्पा?”

शेवटी व्याही यायच्या आदल्या संध्याकाळी मी टाकं रिकामं केलं. संत्र्याला ते पाणी देता येईना, झाडं आंबिया बहाराच्या ताणावर होती, म्हणजे फुलं यावीत म्हणून त्यांचं पाणी तोडलं होतं. सगळं गव्हाला सोडलं. विहिरीचं पाणी हिवाळ्यातही पंचवीस-सव्वीस अंश असतं, पहाटे मोटरच्या धारेतून वाफा निघतात. त्या पाण्यानं टाकं भरलं आणि वरून कापसावरची ताडपत्री ओढली. कापूस उघडा पडला म्हणून बायको दोन दिवस बोलली नाही, ती वेगळी गोष्ट.

सकाळी थर्मामीटर २४ दाखवत होता. व्याही पाण्यात उतरले, “वा!” म्हणाले आणि जावयाच्या इंजिनिअरिंगचं तोंडभर कौतुक केलं. जावई छपरावरच्या नळ्यांकडे हात करून कसं कसं चालतं ते समजावत होता. पोट्टे टाक्यात टिकले पाच मिनिटं. मग गव्हाकडे जाणाऱ्या मोटरच्या धारेखाली जाऊन बसले ते जेवायलाही उठेनात.

आता पोराचा नवा मेसेज आलाय. एप्रिल-मेमध्ये टाक्यातलं पाणी फार तापतं, ते गार ठेवायचा उपाय त्यानं शोधलाय: रात्री काळ्या नळ्यांतून पाणी फिरवायचं. त्यासाठी टायमर आणि सेन्सर लागेल, कोटेशन सोबत जोडलंय. मी ऑटो स्टार्टरचा फोटो काढून पाठवलाय.