हळहळण्याची पूर्वतयारी

तुम्ही ज्या छोट्या गावात वाढलात, तिथला घड्याळाचा मनोरा, वाचनालय, थिएटर किंवा स्टेशन यांपैकी एखादं तरी येत्या काही वर्षांत पाडलं जाईल, बंद पडेल, नाहीतर त्याचा ‘विकास’ होईल. त्या दिवशी तुम्हाला हळहळावं लागणार आहे. ऐन वेळी हळहळायला गेलं की फजिती होते. साल आठवत नाही, जुना फोटो सापडत नाही, आणि गळा दाटून यायला लागतो तेव्हा नेमका ऑफिसचा फोन येतो. म्हणून थोडं आधीपासून तयारीला लागावं.

सगळ्यात आधी गाव सोडा. गावातच राहणाऱ्याला हळहळणं जमत नाही. त्याला त्या मनोऱ्याखालून रोज जावं लागतं. वरून कबुतरं काय टाकतात आणि मागच्या कोपऱ्यात कोण आडोसा शोधतो, हे सगळं त्याला ठाऊक असतं. चांगल्या प्रतीच्या हळहळीला अंतर लागतं. दोनशे किलोमीटर चालतील, समुद्र ओलांडलात तर उत्तमच. निघताना गावाला मनातल्या मनात एक ताकीद देऊन ठेवा : मी आता शिकणार, नोकऱ्या बदलणार, घरं बदलणार, लग्न करणार, वजन वाढवणार, मतंही फिरवणार, तू मात्र आहेस तिथे, आहेस तसा उभा राहा. गाव ऐकणार नाही, पण पुढे तक्रार करायला आधार राहतो.

मधल्या वीस-पंचवीस वर्षांत विशेष काही करावं लागत नाही. हीच या योजनेची गंमत. वाचनालयाची वर्गणी भरायची थांबवली की झालं, तसं कळवायचीही गरज नसते. सिनेमा घरी बघा. गाडी घ्या, म्हणजे स्टेशनाशी संबंध उरत नाही. हिशेब आपोआप होत राहतो. ब्रिटनमध्ये १९६३ साली रेल्वे मंडळाचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांनी रेल्वेचा असाच हिशेब मांडला. देशातल्या निम्म्या स्थानकांचं उत्पन्न मिळून जेमतेम दोन टक्के भरत होतं. त्यांनी २,३६३ स्थानकं बंद करायची शिफारस केली आणि बिचारे कायमचे बदनाम झाले. त्या निम्म्या स्थानकांवर कुणी तिकीट का काढत नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. तुमच्या गावातही एक बीचिंग लागेलच. तो आत्ताच हेरून ठेवा, नंतर शोधाशोध नको.

शेवटच्या गाडीला मात्र जायचंच. तिथे खच्चून गर्दी असते. आयुष्यात कधी तिकीट न काढलेले लोक त्या दिवशी खिडकीतून हात हलवतात. स्कॉटलंडातला वेव्हर्ली मार्ग १९६९च्या जानेवारीत बंद झाला, तेव्हा न्यूकॅसलटन नावाच्या लहानशा गावानं शेवटची गाडी जाऊच दिली नाही. माणसं रात्रीच्या थंडीत रुळांवर उतरली, फाटक लावून बसली, गावच्या पाद्रीबाबांना पोलिसांनी पकडून नेलं. त्यांना सोडायचं कबूल झालं तेव्हा कुठे गाडी हलली. पुढे २०१५ साली त्याच मार्गाचा काही भाग पुन्हा बांधून सुरू केला. नवी गाडी न्यूकॅसलटनपर्यंत येत नाही.

(हा किस्सा गावाच्या बैठकीत सांगू नका. एखादा खरंच रुळांवर जाऊन बसायचा, आणि मग तुम्हालाही बसावं लागेल.)

आता देखभालीकडे वळू. वाईट देखभाल दुर्लक्षापेक्षा केव्हाही प्रभावी. दुर्लक्षानं इमारत पडायला शंभर वर्षं घेते. प्रेमानं केलेली दुरुस्ती दहा वर्षांत काम उरकते. वर्गमित्रांच्या ग्रुपवर निधी गोळा करा आणि अट घाला की भिंतींना गिलावा सिमेंटचाच हवा, मजबूत. जुनी भिंत बहुधा चुन्यात बांधलेली असते. चुना ओल पितो आणि उन्हावाऱ्यात सोडूनही देतो. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. तिच्यावर सिमेंटचं चिलखत चढवलं की ओल आत कोंडते. त्या ओलीतले क्षार गिलाव्यामागे साठतात, वाळताना त्यांचे बारीक स्फटिक होतात आणि फुगून विटेला आतून फोडतात. पहिली दोन-तीन वर्षं भिंत नव्या नवरीसारखी दिसते. त्याच काळात उद्घाटन आणि फोटो आटोपून घ्यावेत. नंतर बोटानं टिचकी मारून पाहा, पोकळ आवाज येईल. मग एके पावसाळ्यात पोपडा सुटतो आणि खाली पडताना विटेचा दर्शनी भागही सोबत नेतो. आत राहतो तो लाल भुगा, बोटानं खरवडता येईल असा. आता ‘इमारत धोकादायक आहे’ ही पाटी लावायला कुणाचीच हरकत राहत नाही. फटीत एखादं रोप उगवलं असेल तर मुळापासून काढू नका. दर वर्षी वरून छाटत जा. वरचं छाटलं तरी मुळं आत वाढतच राहतात. आणि देणगीदार म्हणून तुमचं नाव संगमरवरावर कोरून घ्यायला विसरू नका. भिंत पडली तरी ती फरशी बहुतेक वेळा शाबूत निघते.

मनोऱ्यातल्या घड्याळासाठी इतकी मेहनत लागत नाही. त्याची वजनं तारेवर लोंबकळतात आणि सावकाश खाली येत राहतात. साधारण आठवड्यातून एकदा कुणीतरी जिने चढून ती चावीनं वर ओढायची असतात. ते काम वर्षानुवर्षं एकच माणूस करत असतो आणि त्याचं नाव कुणालाच नीट माहीत नसतं. तो निवृत्त होईल त्या दिवशी जंगी सत्कार करा. ‘आता निवांत राहा, खूप केलंत’ असं भाषणात आवर्जून म्हणा. फक्त त्याच्या जागी कुणाला नेमू नका. घड्याळही ते भाषण ऐकत असतं.

एवढं सगळं करूनही चार खोडकर लोक बचाव समिती काढतातच. त्यांच्यात सामील व्हा, बाहेर राहून काही साधत नाही. समितीत घोषणा ‘होता तसा, होता तिथे’ अशीच हवी. ती व्हेनिसची आहे. तिथला सान मार्को चौकातला घंटेचा मनोरा १४ जुलै १९०२ रोजी सकाळी कोसळला. माणूस एकही दगावला नाही. गेली ती राखणदाराची मांजर, असं सांगतात. मग ‘होता तसा, होता तिथे’ म्हणत तो १९१२ साली पुन्हा उभाही केला. आपण यातली घोषणा घ्यायची, दहा वर्षं नाही.

काही उदाहरणं मात्र बैठकीत निघता कामा नयेत. जपानातल्या इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्यानं उभारतात. मागचं २०१३ साली झालं, पुढचं २०३३ साली. त्यामुळे तिथे सुतारकामाची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जात राहते. हे कुणी काढलं तर लगेच प्रश्न येईल की आपल्याकडे चुना मळणारा कोण उरलाय, आणि बैठक नको त्या वळणावर जाईल. तसाच तो आयफेल टॉवर. १८८७ साली लेखक मोपासाँ, संगीतकार गुनो अशा बड्या मंडळींनी त्याच्याविरुद्ध निषेधपत्र काढलं होतं. परवानाही वीसच वर्षांचा होता. १९०९ नंतर तो उतरवायचा होता. वाचला कशानं, तर बिनतारी संदेशांसाठी उंच अँटेना हवी होती आणि टॉवर आयता उभा होता. त्याच्या सौंदर्यावर कुणी लेख लिहिला म्हणून तो राहिला नाही, त्याला काम लागलं म्हणून राहिला. हे समितीच्या कानावर गेलं तर कुणीतरी विचारेल, ‘मग वाचनालयात जायला कधीपासून सुरुवात करायची?’ आणि सगळ्यांना एकदम घरची कामं आठवतील.

पाडकाम सुरू झालं की बैल गेला नि झोपा केला, हे सांगायला चार जण येतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. त्या दिवशी फोटो काढायचा, खाली ‘एक पर्व संपलं’ लिहायचं आणि संध्याकाळी उशिरापर्यंत प्रतिक्रिया मोजायच्या. फोटोत मशीन दिसावं, आपण दिसावं, पण मागच्या नव्या संकुलाचा बोर्ड दिसू नये. त्यात तुम्ही गाळा नोंदवला असेल तर तर नक्कीच नको.

आठवण म्हणून एखादी वस्तू आणावी. वाचनालय मोडलं तर पुस्तकं बाहेर ओट्यावर ढीग करून ठेवलेली असतात, कुणीही न्यावीत म्हणून. पिवळं पडलेलं, कापडी बांधणीचं एक उचला. घरी जाऊन शेवटचं पान उघडा. तिथे तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असेल, जांभळी शाई पुसट झालेली, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. शेवटचा शिक्का कधीचा आहे ते पाहा. तो तुमच्या बारावीच्या सुट्टीतला निघाला आणि सभासद क्रमांकही ओळखीचा वाटला, तर पुस्तक कपाटात मागच्या रांगेत ठेवा. फोटो मुखपृष्ठाचाच टाका.