अकरा गुण कंबरेचे

वकीलसाहेब, राम राम.

‘अपघातात कंबर गेलेल्या माणसाला तुम्ही कागदावर वेडा ठरवता आणि विमा कंपनीच्या हाती कोलीत देता. वर फुकटची, सोपी पीएचक्यू-९ सोडून हॅड्सचा आग्रह कशाला?’ असं तुम्ही लिहिलंत. या दोन्ही मनाची अवस्था मोजणाऱ्या प्रश्नावल्या: पीएचक्यू-९ नैराश्य मोजते, हॅड्स चिंता आणि नैराश्य दोन्ही. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

रावेरकडे केळीचे घड वाहणारा एक मजूर ट्रकवरून पडला. दाव्यासाठी तपासणीला माझ्याकडे आला. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. १० झाले की नैराश्याची शंका घ्यायची. याचे झोपेला ३, थकव्याला ३, मंद हालचालीला ३, लक्ष न लागण्याला २. झाले ११! उदासीला शून्य, कशात गोडी न वाटण्यालाही शून्य. झोपेचं खोदून विचारलं तर म्हणाला, “झोप येस, पन कूस बदली का कंबर ठनकस.” म्हणजे अकराच्या अकरा गुण कंबरेनेच मिळवलेले.

हे मी आज सांगतोय. उमेदवारीच्या काळात अशाच एकाच्या अहवालात मी नुसता आकडा टाकून पुढे ‘मध्यम नैराश्य’ लिहून मोकळा झालो होतो. समोरच्या वकिलाने तेवढंच उचललं आणि दुखणं मनाचंच असल्याचं मांडलं. कोलीत मीच दिलं होतं. तुमचा राग तिथे रास्त आहे.

हॅड्स झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली रुग्णालयातल्या, शरीराने आजारी माणसांसाठीच बांधली. चौदा प्रश्न, त्यात झोप, थकवा मुद्दाम गाळलेले. म्हणून माझा कल तिकडे. ती विकत घ्यावी लागते, हे खरं. आणि तीही धुतल्या तांदळासारखी नाही: ‘मंदावल्यासारखं वाटतं’ हा प्रश्न तिच्यात राहिलाच आहे, आणि पाठीच्या रुग्णाला त्याचे गुण आयतेच मिळतात.

खोटेपणा मात्र या दोन्हींतली एकही पकडत नाही. कुठल्या उत्तराला किती गुण हे कुणालाही कळतं. वाढवताही येतात, लपवताही. मला तरी लपवणारेच जास्त भेटलेत. अतिशयोक्ती ताडणाऱ्या मापन्या एमएमपीआय-२ या लांबलचक व्यक्तिमत्त्व चाचणीत आहेत, पण चौथी शिकलेल्या मजुरापुढे ५६७ विधानं ठेवायची? त्याला तर मी हॅड्ससुद्धा वाचून दाखवतो, आणि तसं अहवालात लिहितो, कारण डॉक्टरच्या तोंडून प्रश्न आला की उत्तर बदलतं.

अपंगत्वाच्या टक्केवारीत हे गुण मी धरत नाही. शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाई किती बुडाली, या दोन गोष्टी एक नाहीत, हे राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे. तुम्हाला ते मी काय सांगावं! गुण जास्त आले की मुलाखत लांबवायची आणि उपचारांची शिफारस करायची, एवढंच.

एक उणीव तुम्ही दाखवली नाहीत, ती मीच सांगतो. जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रश्न पीएचक्यू-९ मध्ये नववा आहे, हॅड्समध्ये नाहीच. तो मी तोंडी विचारतो, तेही ‘इथलं बोलणं अहवालात जाईल, मी तुमचा उपचार करणारा डॉक्टर नाही’ हे आधी सांगून. कुणी मान खाली घातली की त्या दिवशी अहवाल बाजूला राहतो. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाला आत बोलावतो आणि मनोविकारतज्ज्ञांना फोन लावतो.