जसे आले तसे पुढे पाठवत आहे

पुण्यातल्या आमच्या विमाननगरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. ईशान्येकडच्या मुलामुलींना फ्लॅट भाड्याने देऊ नयेत, 'ते लोक' काय शिजवतात आणि रात्री किती वाजता परततात, असे बरेच काही त्यात होते आणि शेवटी नेहमीचीच ओळ होती, 'जसे आले तसे पुढे पाठवत आहे'. चौदा जणांनी त्यावर अंगठा उमटवला. (पार्किंगच्या ठरावाला आमच्याकडे नऊ जणही मिळत नाहीत.)

मला २०१२ चा ऑगस्ट आठवला. आसामात कोक्राझारकडे हिंसाचार झाला होता आणि चक्रीवादळातील, भूकंपातील मृतांची छायाचित्रे त्या हिंसाचाराची म्हणून फिरवली जात होती. पुण्यात ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली, ईदनंतर मोठे हल्ले होणार अशी आवई उठली आणि बंगळूर, चेन्नई, पुणे येथून हजारो लोक गुवाहाटीच्या गाड्यांकडे धावले. एका वेळी पाचांहून अधिक जणांना एसएमएस पाठवण्यावर सरकारला पंधरा दिवस बंदी घालावी लागली.

तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर मणिपूरच्या दोघी राहत असत. गावी निघताना त्यांतली एक आईकडे किल्ली आणि तुळशीची कुंडी ठेवायला आली, तेव्हा 'यांच्याकडेही तुळस असते?' हा प्रश्न आईच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. तीन वर्षे एकाच जिन्याने ये-जा करूनही आम्हाला ते ठाऊक नव्हते. अफवा खोटी आहे, थांबा, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "खोटी असेल दादा, पण रिक्षात मी एकटी असते."

या उत्तराने माझा एक समज मोडला. असे मेसेज लोकांना पटतात म्हणून घातक ठरतात, असे मी मानत होतो. प्रत्यक्षात ते कोणालाही न पटता काम करतात, कारण रस्त्यावरच्या शंभरातल्या कोणत्या एकाला ते पटले आहे, हे ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. २०१८ साली धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले, तेव्हा तर बोलायलाही कोणी सवड दिली नाही.

समाजासमाजांत वैर पसरवण्याविरुद्ध कायदा आहे, पण शेजाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला चौकीत कोण जाणार? मी ग्रुपवर चार ओळींत आक्षेप नोंदवला. सेक्रेटरींचा तासाभरात फोन आला, "जाऊ द्या हो, विषय वाढवू नका."

मेसेज अजून तिथेच आहे. काल त्यावर पंधरावा अंगठा आला.