बादलीला हात लावू नका

आमच्या बैठकीच्या खोलीत पाऊस पडतो. बाहेर उघडला तरी आत बराच वेळ शिल्लक असतो. म्हणून कोपऱ्यात स्टूल, त्यावर कडी तुटलेली निळी बादली आणि टपटप ऐकू येऊ नये म्हणून बादलीत घडी घालून टाकलेलं माझं जुनं बनियन.

परवा हिच्या मैत्रिणीचे यजमान आले. त्यांना कलेतलं कळतं. हे त्यांनीच सांगितलं, चपला काढता काढता. आत येऊन बसायचं सोडून ते थेट बादलीपुढे जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

"कुणाचं आहे?"

"आमचंच."

"म्हणजे तुम्हीच केलंय?"

"केलंय म्हणजे काय, ठेवलंय."

"ठेवलंय!" त्यांनी डोळे मिटले. "करणं आणि ठेवणं यातला फरक भल्याभल्यांना उमगत नाही हो. आणि हे वस्त्र?"

"बनियन आहे. माझं."

"अच्छा, म्हणजे आत्मचरित्रात्मक."

तेवढ्यात थेंब पडला. गृहस्थ शहारले. खाली वाकून त्यांनी बादलीच्या आतल्या कडेवर चढत गेलेली डागांची वर्तुळं निरखली आणि हा काळाचा हिशेब आहे असं मला समजावलं. हिशेब आहेच, पण वॉटरप्रूफिंगवाल्याला दिलेल्या आगाऊ रकमेचा. पाऊस चालू असला की तो म्हणतो, ओल्यात काम होत नाही. पाऊस उघडला की म्हणतो, गळतंय कुठे ते दाखवा. हल्ली तर फोनच उचलत नाही. याला कुणी कलाकार म्हणत नाही, हे एक आश्चर्यच.

बादली काठोकाठ भरली होती. सवयीने ही ती उचलायला गेली, तर गृहस्थ ओरडले, "वहिनी, हात लावू नका!" आपल्याच घरात आपल्याच बादलीपाशी ही चोरासारखी उभी राहिली. बादली वाहू लागली. मी गुडघ्यावर बसून फरशी पुसत होतो आणि ते माझ्याकडेही आदराने बघत होते.

मग व्याख्यान. १९१७ साली मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलाकाराने मुताऱ्यांत बसवतात तसलं चिनीमातीचं भांडं सही करून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवलं. तिथल्या मंडळींनी ते मांडलं नाही. मूळ भांडं पुढे हरवलं, पण त्याच्या प्रतिकृती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. २०१९ साली मायामीत भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं केळं १ लाख २० हजार डॉलरला गेलं. २०२४ साली त्याच कलाकृतीची एक आवृत्ती लिलावात ६२ लाख डॉलरला गेली. घेणाऱ्याने ते केळं खाल्लं. मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात शुद्धीवर असलेला तो एकटाच.

पण मला खरा जिव्हाळा वाटतो तो जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या सफाई कामगार बाईंबद्दल. तिथल्या संग्रहालयात मार्टिन किपेनबर्गरची एक कलाकृती होती: लाकडी फळ्यांचा मनोरा आणि खाली रबरी घमेलं. नावच मुळी 'छतातून गळायला लागतं तेव्हा' अशा अर्थाचं! घमेल्यातला वाळलेल्या पाण्याचा डाग हा कलाकाराने मुद्दाम दिलेला रंग होता. २०११ साली बाईंनी तो घासूनपुसून लख्ख केला. कलाकृतीचा विमा ८ लाख युरोंचा होता. जगभर हसू झालं ते बाईंचं. आमच्याकडे असली बाई आली तर मी तिच्या पाया पडेन.

एवढं सगळं मी हसत ऐकून घेतलं, कारण बादलीच्या वरच, त्याच भिंतीवर, मी काढलेलं नदीकाठचं चित्र आहे. जलरंगात. धुक्याने मला कित्येक रात्री जागवलंय. गृहस्थांची नजर कधीतरी वर जाईल या आशेवर मी होतो. गेली. ते जवळ गेले, चष्मा वर केला आणि हळहळून म्हणाले, "अरेरे, इथेही ओल आलीय की."

चित्राला फ्रेम आहे. वर काच आहे. कोपऱ्यात माझी सही आहे. ओल सही करत नाही. पण हे मी बोललो नाही, कारण ही पदर तोंडाला लावून आत पळाली होती आणि आतून जे आवाज येत होते ते सहानुभूतीचे नव्हते.

काल त्यांचा फोन आला. रविवारी दोन जाणकार मित्रांना घेऊन यायचं म्हणताहेत. मी म्हटलं, या, येताना एखादा प्लंबर मिळाला तर तोही आणा.

"छे छे," ते घाबरून म्हणाले, "रविवारपर्यंत गळती थांबवू नका हं!"